पहाटेचा बिघाड

चारठाणा असो की जिंतूर तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव, डिसेंबरात ट्रॅक्टरची तब्येत तो रात्री कुठं उभा केलाय यावरून कळते. धडधाकट ट्रॅक्टर गोठ्यापुढं, अंगणात, जागा मिळेल तिथं असतो. दुखणेकरी ट्रॅक्टर उतारावर असतो आणि त्याच्या चाकाखाली दगड असतो. पहाटे दगड काढायचा, गिअर टाकून क्लच दाबून धरायचा, चाकं फिरायला लागली की क्लच सोडायचा. इंजिन दोन-तीन गचके खातं, पांढऱ्या धुराचा लोट सोडतं आणि उठतं. जवळ उतार नसेल तर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला साखळी लावून ओढावं लागतं, आणि त्यासाठी शेजारी आधी उठवावा लागतो.

‘सेल्फ मारतंय, पण उठंना,’ ही तक्रार घेऊन मालक मिस्त्रीकडं जातो तेव्हा दहा वाजलेले असतात. ऊन अंगावर आलेलं असतं. मिस्त्री चावी फिरवतो आणि ट्रॅक्टर अर्ध्या सेल्फवर सुरू होतो. मिस्त्री मालकाकडं बघतो, मालक ट्रॅक्टरकडं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दगड.

या दुखण्यावर जे उपचार होतात ते महागडे असतात. नवी बॅटरी येते. सेल्फ खोलून कार्बन बदलले जातात. नोझल काढून तालुक्याला तपासायला पाठवले जातात. कधीकधी याच गोष्टी खरोखर बिघडलेल्या असतात, नाही असं नाही. पण या सगळ्या धामधुमीत इनटेक मॅनिफोल्डवर बसलेल्या हीटरकडं, आणि त्याहून जास्त त्या हीटरपर्यंत जाणाऱ्या हातभर वायरीकडं, शेवटी नजर जाते. हा लेख त्या हातभर वायरीचा आहे.

बाहेरची माणसं चारठाण्याला येतात ती जुनी दगडी मंदिरं, बारव आणि तो नक्षीदार उंच स्तंभ बघायला. गाव जिंतूरहून जालन्याकडं जाणाऱ्या वाटेवरचं. चुना न वापरता दगडावर दगड बसवायची कारागिरी या भागात शतकानुशतकं टिकली, ती सांधा नीट बसला म्हणून. त्याच गावात सांध्याच्या आजाराबद्दल बोलायचं म्हणजे गंमतच आहे. फरक एवढाच की हा सांधा तांब्याचा आहे आणि तो दोन-चार पावसाळ्यांत हार मानतो.

आता कुणी म्हणेल, मराठवाड्यात कसली आलीय थंडी? मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना भाजून निघणारा हा मुलूख. पण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत कडाक्याच्या थंडीच्या वर्षांत किमान तापमान ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. समुद्र लांब, आभाळ निरभ्र, काळी जमीन रात्रीतून उघडी पडल्यासारखी थंड होते. आणि नेमका हाच काळ ट्रॅक्टरच्या कामाचा असतो. गहू-हरभऱ्याची रानं असतात, तूर काढणीला येते, उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस कारखान्याकडं चाललेल्या असतात. शेतीची थ्री फेज लाईट अनेकदा रात्रीची, म्हणून पाणी देणारा माणूस पहाटेच रानातून परततो. त्या वेळी गाडी उठली नाही तर दिवसभराचं गणित कोलमडतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, सगळी गोम तिथं आहे. रुडॉल्फ डिझेलनं १८९२ मध्ये आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला त्याचं इंजिन समाधानकारक चाललं. कल्पना अशी की हवा इतकी दाबायची, इतकी दाबायची, की ती दाबानंच तापेल आणि तिच्यात डिझेल फवारलं की आपोआप पेट घेईल. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा दाबला की पंप गरम लागतो, तेच इथं होतं. सतराव्या हिश्श्यात दाबलेली हवा, सुरुवातीला २७ अंशांची असेल तर कागदावरच्या हिशेबानं ५३५ अंशांच्या आसपास पोचते. सुरुवात ७ अंशांनी झाली तर पोचते ४८० च्या जवळ. बाहेर वीस अंशांचा फरक, आत पन्नासहून जास्त. आणि हा झाला कागद. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती गार असतात, त्या उष्णता खाऊन टाकतात. ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरी गारठलेली असते, सेल्फ सावकाश फिरतो आणि जितका सावकाश फिरेल तितकी हवा रिंगांच्या कडेनं निसटते. डिझेल फवारलं जातं, पण पेट घेत नाही. सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. तो दिसला म्हणजे डिझेल पोचतंय, कमी आहे ती ऊब. नोझल काढायला धावणाऱ्यानं आधी धुराचा रंग बघावा.

यावर उपाय दोन तऱ्हांचे. एक, प्रत्येक सिलिंडरच्या आतच तापणारी कांडी बसवायची, म्हणजे ग्लो प्लग. जुन्या जीपगाड्यांपासून अलीकडच्या डिझेल मोटारींपर्यंत ही पद्धत ओळखीची आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे सिलिंडरच्या वाटेवरच, मॅनिफोल्डमध्ये, आत येणारी हवाच गरम करायची. हा इनटेक एअर हीटर. गावाकडच्या भाषेत नुसता ‘हीटर’.

मॅसी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला हा हीटर हाताच्या सवयीनं माहीत असतो. चेन्नईच्या टॅफेनं १९६०च्या दशकापासून हे ट्रॅक्टर भारतात बनवले आणि त्यांत सिम्पसन कंपनीची, पर्किन्स घराण्याची इंजिनं आली. त्या घराण्यात हवा तापवायला ‘थर्मोस्टार्ट’ नावाची बोटभर वस्तू असते. ती इतकी साधी आणि इतकी हुशार आहे की तिचं वर्णन जरा सविस्तर केलं पाहिजे. मॅनिफोल्डला आटे पाडून ती बसवलेली असते. एका बाजूनं छोट्या टाकीतून डिझेलची बारीक नळी येते, दुसऱ्या बाजूला एकच वायर. चावी हीटरच्या खाचेवर पंधरा-वीस सेकंद धरली की आतली तारेची गुंडाळी लालभडक होते. तिच्या उष्णतेनं व्हॉल्व्हची नळी लांबते, तिच्या तोंडाशी दाबून बसलेली बारीक गोळी मोकळी होते आणि डिझेल ठिबकायला लागतं, मिनिटाला फार तर चार-पाच मिलिलिटर. ते तापलेल्या गुंडाळीवर वाफ होतं. मग सेल्फ मारला की हवेचा झोत येतो, वाफ पेटते आणि मॅनिफोल्डमध्ये एक छोटीशी ज्योत फुरफुरते. इंजिन गरम हवा ओढतं. चावी सोडली की गुंडाळी निवते, नळी आखडते, गोळी परत बसते. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. १२ व्होल्टवर बारा-तेरा अँपिअर एवढाच खर्च.

बिघडते कुठं? तीन ठिकाणी, आणि तिन्हींची लक्षणं वेगळी. टाकी कोरडी असेल किंवा नळीत हवा धरली असेल तर गुंडाळी तापते पण ज्योत नसते. गोळी नीट बसत नसेल तर उलटं होतं: गरज नसताना डिझेल मॅनिफोल्डमध्ये ठिबकत राहतं, आणि गाडी गरम असतानाही धूर करते. तिसरा बिघाड विजेचा. वायर एकच, म्हणजे परतीचा रस्ता बॉडीतून, आट्यांमधून. कुणीतरी मागच्या वेळी गळती थांबवायला आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असते. गळती थांबते आणि तिच्याबरोबर अर्थिंगही. हीटर नवा, वायर नवी, सप्लाय बरोबर आणि गुंडाळी गार. एअर क्लीनरची नळी काढून मॅनिफोल्डच्या तोंडातून आत डोकावलं, आणि दुसऱ्यानं चावी धरली, की लाल दिसतं की नाही एवढ्यावर अर्धं निदान होतं.

ट्रकचा हीटर याहून दांडगा. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या डॉज पिकअपमध्ये ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन आलं, त्यात ग्लो प्लग नव्हतेच. मॅनिफोल्डच्या तोंडाशी धातूच्या पट्ट्यांची जाळी होती, दोन भागांची. कमिन्सचं नाव महाराष्ट्राला नवं नाही. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये उभी राहिली, पुढं १९९३ मध्ये टाटांबरोबरची भागीदारी जमशेदपूरला झाली आणि नंतर साताऱ्याच्या फलटणलाही इंजिनं बनू लागली. त्या जाळीच्या एका भागाला साधारण ९५ अँपिअर लागतात. १२ व्होल्टवर हिशेब केला तर अकराशे वॅटच्या वर, म्हणजे एका पट्टीला घरातल्या एका इस्त्रीची ताकद. एवढा करंट डॅशबोर्डच्या चावीतून नेता येत नाही, म्हणून मध्ये मोठा रिले असतो: दोन जाड बोल्ट आणि दोन बारीक टोकं. बारीक टोकांवर कॉम्प्युटरचा हुकूम येतो, जाड बोल्टांतून काम होतं. बॅटरी, फ्यूज, रिले, वायर, जाळी, बॉडी, आणि पुन्हा बॅटरी. रस्ता एवढाच. पण त्यात आठ-दहा सांधे.

आणि इथं पहिला चकवा आहे. कॉम्प्युटर हवेचं तापमान बघूनच हीटर लावतो. अनेक इंजिनांत ही सीमा १५ ते २० अंशांच्या दरम्यान असते. पहाटे बिघडलेली गाडी दुपारी गॅरेजला आणली, मिस्त्रीनं चावी लावली, रिले ‘टक’ वाजला नाही, म्हणून त्यानं रिले बदलला. रिले वाजणारच नव्हता. बाहेर तीस अंश होते! पहाटेच्या रोगाला दुपारचा वैद्य मिळाला की असं होतं. जाणकार यातून वाट काढतात. स्कॅनर असेल तर त्यातून रिलेला थेट हुकूम देता येतो. नसेल तर हवेचा तापमान सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात धरता येतो. हे सेन्सर थंडीत जास्त अडवतात: बॉश धाटणीचा सेन्सर २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास दाखवतो, शून्याला सहा हजारांजवळ. कॉम्प्युटरला वाटतं पहाट झाली. तिसरी, सगळ्यांत गावठी आणि चोख वाट म्हणजे रिलेच्या बारीक टोकांवरचा प्लग काढायचा आणि त्यांना बॅटरीवरून चार-पाच सेकंद सरळ सप्लाय द्यायचा. ‘टक’ आला तर रिलेची गुंडाळी जिवंत.

पण ‘टक’ आला म्हणजे करंट गेला असं नाही. आतले संपर्क जळून काळे पडले असतील तर रिले वाजतो आणि जाळी गारच राहते. बरेच मिस्त्री इथं टेस्ट लॅम्प लावतात. रिलेच्या पलीकडच्या बोल्टावर दिवा पेटला, म्हणजे सप्लाय येतोय, म्हणजे रिले चांगला, म्हणजे जाळी गेली. तीन ‘म्हणजे’ आणि तिन्ही कच्चे. टेस्ट लॅम्पला अर्धा अँपिअर पुरतो. वायरीचे शंभर धागे तुटून एक शिल्लक असला तरी तो दिवा लख्ख पेटतो. जाळीला हवेत ९५. एका माणसानं बारवेतून घागर भरून आणली म्हणून त्याच पायऱ्यांनी हत्ती उतरेल असं नाही.

मग मीटर ओहमवर लावून जाळी मोजू या? तेही फसवं. १२ भागिले ९५, म्हणजे जाळीचा रोध एका ओहमच्या आठव्या हिश्श्याएवढा. बाजारातल्या साध्या मल्टिमीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी तो एवढं दाखवतो. ओहमवर फक्त एकच कळतं: जाळी पूर्ण तुटली आहे की नाही. क्लॅम्प मीटरची गोष्ट त्याहून मजेशीर. घरगुती वायरिंगवाल्याकडचा क्लॅम्प बहुधा एसीचा असतो. तो ट्रकच्या वायरीभोवती लावला की शून्य दाखवतो आणि शंभर अँपिअर वाहत असताना सगळे ठरवतात की करंटच नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा येतो, महागही असतो.

खरी परीक्षा मल्टिमीटरच्या व्होल्टच्या खाचेवरच होते, फक्त लोड चालू असताना. मीटरची एक टाचणी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी जाळीच्या बोल्टावर. दोन्ही प्लसच, नवख्याला हे वेड्यासारखं वाटतं. हीटर बंद असताना या जागेवर काय दिसतं त्याला अर्थ नाही. हीटर चालू करायचा आणि मग बघायचं. सगळे सांधे चांगले असतील तर मीटर काही दशांश व्होल्ट दाखवेल. समजा त्यानं दीड व्होल्ट दाखवले. म्हणजे बॅटरीतून निघालेल्यांपैकी दीड व्होल्ट वाटेतच कुणीतरी खाल्ले. मग दुसरी टाचणी एकेक मुक्काम मागं आणायची: जाळीच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), रिलेच्या बाहेरच्या बोल्टावर, आतल्या बोल्टावर, फ्यूजच्या टोकावर. उदाहरणादाखल, जाळीच्या बोल्टावर दीड आणि थिंबलच्या मागं वायरीच्या तांब्यावर फक्त चार दशांश. चोर सापडला. मधल्या अर्ध्या इंचात एक व्होल्टहून जास्त गायब आहे. त्या अर्ध्या इंचात शंभरेक वॅट जळतात, जुन्या पिवळ्या बल्बएवढे. हीटर चाललाय खरा, पण तो मॅनिफोल्डबाहेर, वायरीच्या टोकाला चाललाय. तशीच मोजणी बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत करायची, कारण अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथं आवळलेली असते तिथं रंग, गंज, चिखल यांचं राज्य असतं. ती बाजू बरेचजण मोजतच नाहीत.

ते थिंबल जवळून बघण्यासारखं असतं. वायरीचं प्लास्टिक टोकाशी तपकिरी आणि काचेसारखं कडक झालेलं, बोटानं दाबलं की तडकतं. आत तांबं लालसर नाही, काळं, मध्येच हिरवी बुरशी धरल्यासारखं. थिंबल दाबायला खास पक्कड असते, ती नसली की छन्नी-हातोडीनं एक घाव घालून काम भागवलं जातं. तेव्हा घट्ट वाटतं. नंतर प्रत्येक पहाटे ते तापतं, फुगतं, निवतं, आखडतं. दरवेळी केसभर ढिलं होतं. ढिलं झालं की जास्त तापतं, जास्त तापलं की जास्त ढिलं. एखाद्या हिवाळ्यात वायर हाताला कोमट लागते, पुढच्या हिवाळ्यात चटका बसतो, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ट्रॅक्टर-ट्रकखाली दगड येतो.

कॉम्प्युटरच्या गाड्यांत चेक लॅम्प पेटतो आणि स्कॅनरवर आकडे येतात: मोटारींच्या भाषेत पी-०५४१, पी-०५४२, ट्रकच्या भाषेत एसपीएन ७२९ आणि त्यापुढं ३ किंवा ४ अशी शेपटी. आकडा दिसला की भाग मागवायचा, अशी एक नवी रीत पडली आहे. पण या शेपट्यांत ३ म्हणजे व्होल्टेज जास्त आणि ४ म्हणजे कमी, एवढंच. आणि अनेक इंजिनांत कॉम्प्युटर हे व्होल्टेज बघतो ते रिलेच्या बारीक टोकांवरचं. जाड वायरीत, थिंबलमध्ये, जाळीत काय चाललंय याची त्याला खबरच नसते. काळं पडलेलं थिंबल त्याच्या दृष्टीनं निरोगी. उलट, कडब्याच्या गंजीजवळ उभ्या गाडीची बारीक वायर उंदरानं कुरतडली की तो लगेच बोंब मारतो. उंदराच्या बाबतीत कॉम्प्युटर भरवशाचा आहे.

रिले बंदच न होणं, हा उलट्या बाजूचा बिघाड. संपर्क एकमेकांना चिकटतात आणि चावी काढली तरी हीटर चालूच राहतो. सकाळी बॅटरी मेलेली मिळते आणि दोष बॅटरीवर जातो. गाडी बंद करून दहा मिनिटांनी मॅनिफोल्डजवळ तापल्याचा वास येत असेल तर आधी बॅटरीची वायर काढावी, चर्चा मग. अमेरिकेतल्या एका ६.७ लिटरच्या इंजिनाच्या मालकांत तर वेगळीच धास्ती आहे: जाळीला करंट पोचवणारा बोल्टच आतल्या बाजूनं झिजून-वितळून तुटतो आणि हवेबरोबर सिलिंडरमध्ये जातो. सांधा ढिला असल्याची किंमत तिथं अख्खं इंजिन.

एक धोका मात्र आपल्याकडं रोज पत्करला जातो. गाडी उठत नाही म्हणून एअर क्लीनरच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारतात, किंवा पेटता बोळा धरतात. हीटर बंद असलेल्या गाडीत ईथर एकवेळ खपून जातो, तरी पिस्टनच्या रिंगांना तो धड नाही. पण मॅनिफोल्डमध्ये जाळी लालभडक असताना ईथर आत गेला तर तो सिलिंडरपर्यंत थांबत नाही, वाटेतच उडतो. मॅनिफोल्ड फुटल्याची, तोंड भाजल्याची उदाहरणं जगभर आहेत, म्हणूनच हीटरच्या इंजिनांवर ईथर मारू नका असं कंपन्या ठळक लिहितात. आणि गोम अशी की बिघाड अधूनमधूनचा असतो. काल मेलेला हीटर आज सांधा चुकून टेकल्यामुळं जिवंत असू शकतो.

हीटर दुरुस्त झाल्यावरही मालकाची एक फेरी होतेच. ‘गाडी सुरू होते, पण नंतर मिनिटभर दिवे डीम-फुल डीम-फुल होतात, डायनॅमो गेला काय?’ डायनॅमो ठीक असतो. इंजिन सुरू झाल्यावरही काही वेळ कॉम्प्युटर हीटर चालू-बंद करत राहतो, गार सिलिंडरात धूर होऊ नये म्हणून. दरवेळी शंभरेक अँपिअरचा घास घेतला जातो आणि दिवे लवतात. आधी दिवे लवत नव्हते, कारण हीटर चालतच नव्हता.

हिशेबाच्या वेळी खरी पंचाईत होते. गावच्या गॅरेजच्या बिलात सामान असतं आणि मजुरी असते. शोधून काढण्याचा रकाना नसतो. रिले बदलला असता तर मालकानं हजारांत पैसे दिले असते आणि कुरकुर केली नसती. इथं सामान काय, एक थिंबल आणि वीतभर वायर. त्यासाठी मिस्त्रीनं गाडी रात्रभर दुकानापुढं उघड्यावर ठेवून घेतलेली, पहाटे पाचला उठून मफलर गुंडाळून मीटर लावलेला, दोन तास इंजिनावर वाकलेला. मालक म्हणतो, ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ आणि मग नेहमीचा प्रश्न येतो: जुना पार्ट द्या. मिस्त्री पाटावरच्या नट-बोल्टांतून शोधून दोन इंच जळकी वायर त्याच्या हातावर ठेवतो. मालक ती उलटीसुलटी करून बघतो, काळं झालेलं टोक नखानं खरवडतो, आणि खिशात टाकतो.